खानदेशांतील हिंवाळा आणि त्वचेची निगा

कार्तिक सरतां सरतां तापीच्या खोऱ्यांत पहाटेचा वारा बोचूं लागतो. रावेर, यावल, भुसावळ या बाजूचे केळीचे बागाइतदार त्या दिवसांत आपल्या बागांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. बागेच्या कडेनें शेवरीची दाट रांग लावलेली असते. कोणी हिरव्या जाळीचा आडोसा उभारतात. कडाक्याची रात्र असली म्हणजे बागेस पाणी देतात आणि बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. थंडीनें केळीचें पान पिवळें पडतें, घडाची वाढ खुंटते, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. म्हणून पान करपण्याची वाट न पाहतां ते आधींच आडोसा करून ठेवतात.

ज्या घरांत केळीच्या पानाची इतकी काळजी वाहिली जाते, त्याच घरांत माणसांच्या कातडीकडे मात्र टांचेंतून रक्त येईपर्यंत कोणी ढुंकून पाहत नाहीं. "कातडी उलली तर थोडें तेल लावावें, त्यांत लेख लिहिण्यासारखें काय आहे?" असें कित्येक वाचकांस वाटेल. आम्हांसहि पूर्वीं तसेंच वाटत असे. परंतु गेल्या कांहीं हिंवाळ्यांत परिचयाच्या दोन घरीं जें पाहिलें, त्यावरून हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाहीं, अशी आमची खात्री झाली.

पहिलें घर धुळ्याचें. घरांतील आजीबाईंचें वय ऐंशीच्या पुढें. पहाटे उठून अगदीं कढत पाण्यानें, भरपूर साबण लावून स्नान करण्याचा त्यांचा नेम जन्मभर चुकला नव्हता. मार्गशीर्ष लागला, कीं त्यांच्या पायांच्या नळ्यांवर आणि पाठीवर अशी कांहीं खाज सुटे, कीं रात्र रात्र झोंप येत नसे. घरच्यांनीं अन्नांतील वांगीं बंद केलीं, शेंगदाणे बंद केले, पांघरुणें उन्हांत घातलीं. शेवटीं नातवानें औषधांच्या दुकानांतून विचारून एक मलमाची नळी आणली. तिनें चार दिवसांत आराम पडला, म्हणून ती दोन महिने चालूं ठेवली. पुढें कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आणि नुसत्या बांगडीच्या धक्क्यानें जांभळे डाग उमटूं लागले. तेव्हां त्यांस त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं प्रथम विचारलें, "आजी, अंघोळीचें पाणी किती कढत घेतां?" त्या एका प्रश्नांतच निम्मा रोग व निम्मा उपाय होता.

दुसरें घर जळगांवचें. तेथील काकांना पुष्कळ वर्षांचा मधुमेह. पूजेच्या वेळीं आणि देवळांत जातांना अनवाणी चालण्याचा त्यांचा परिपाठ. पौषांत अंगठ्याखालीं भेग पडली. मधुमेहानें पायांची संवेदना मंद झालेली असल्यामुळें ती दुखली नाहीं, आणि दुखली नाहीं म्हणून तिकडे कोणी पाहिलें नाहीं. भेगेंतून जंतु शिरून पाय सुजला, तेव्हां धांवपळ झाली. पाय वांचला, परंतु अंगठा काढावा लागला. ज्या भेगेला रोज रात्रीं बोटभर मलम पुरलें असतें, तिनें एक अंगठा नेला. हा लेख लिहिण्याचें खरें कारण हेंच होय.

खानदेशची हवा

१९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढें त्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. १९९८ सालीं नंदुरबारहि वेगळा निघाला. सरकारी नकाशावर अशी वांटणी झाली, तरी हवा मात्र एकच राहिली. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि मध्यें तापीचें उघडें मैदान. समुद्रावरील ओलसर हवा हिंवाळ्यांत येथवर पोंचत नाहीं. जो वारा येतो तो उत्तरेकडून, कोरडा. धुळ्यास कित्येक वर्षीं पहाटेचा पारा एक आंकडी होतो आणि त्याच दिवशीं दुपारीं ऊन्ह तापून अंगावरचा स्वेटर काढावा लागतो.

या चढउतारांतच कोरडेपणाचें मूळ आहे. १० अंश उष्णतेची एक घनमीटर हवा फार तर सुमारें ९ ग्रॅम पाण्याची वाफ धरूं शकते; ३० अंशांची हवा सुमारें ३० ग्रॅम धरते. पहाटे दंव पडेपर्यंत भरलेली हवा दुपारीं तापली म्हणजे तिच्यांतील वाफ तेवढीच राहते, पण तिची तहान तिपटीहून अधिक वाढते. ही तहानलेली हवा मग मिळेल तेथून पाणी ओढून घेते: दोरीवरच्या लुगड्यांतून, अंगणांतल्या सारवणांतून, आणि आपल्या कातडींतूनहि. मुंबईहून चार दिवस माहेरीं आलेल्या लेकीचे ओंठ फुटतात आणि गाल ओढल्यासारखे होतात, ते याचमुळें.

त्यांत कित्येक ठिकाणच्या विहिरींचें आणि कूपनलिकांचें पाणी जड. जड पाण्यांत साबणाला फेंस येत नाहीं, म्हणून साबण अधिक घांसला जातो. आणि पाण्यांतल्या चुन्याशीं मिळून त्याचा जो चिकट साका होतो, तो अंगावर राहून कातडीस आणखी त्रास देतो.

कातडीची भिंत

आपल्या त्वचेचा अगदीं वरचा थर मृत पेशींचा असून बहुतेक अंगावर तो कागदाहूनहि पातळ असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा दरजांतला चुना. हा चुना शाबूत असला, तर आंतलें पाणी बाहेर जात नाहीं आणि बाहेरचे जंतु आंत येत नाहींत. चुना झडला म्हणजे दरजा उघड्या पडतात, पाणी उडून जातें, विटा कडेनें उलतात. नखानें ओढल्यावर नळीवर जी पांढरी रेघ उमटते, ती या उललेल्या विटांची.

कढत पाणी आणि साबण या दोहोंचा मोठा दोष हाच, कीं ते मळाबरोबर हा चुनाहि धुवून नेतात. निरोगी त्वचा किंचित् आम्लधर्मी असते; वडीचा साबण बहुधा अल्कधर्मी असतो. त्यामुळें साबणानें धुतलेली कातडी पूर्वस्थितीस येण्यास कांहीं वेळ घेते, आणि तोंवर पुन्हां साबण लागला, तर तिला सांवरण्यास सवडच मिळत नाहीं. दिवसांतून वीस वेळां हात धुणाऱ्या गृहिणीच्या बोटांचीं पेरें सर्वांत आधीं फुटतात, याचें नवल वाटावयास नको.

वरून तेलाचें सारवण करण्यास त्वचेंत सूक्ष्म तेलपिंड असतात. परंतु तळहात आणि तळपाय यांत ते मुळींच नसतात; म्हणून टांचा फुटतात, पोटरी क्वचितच फुटते. लहान मुलांत या पिंडांचें काम पुरतें सुरू झालेलें नसतें आणि उतारवयांत तें मंदावतें. स्त्रियांमध्यें विटाळ बंद झाल्यावर ही मंदता विशेष जाणवते. तात्पर्य, घरांतल्या आजीला आणि नातवाला हिंवाळा सर्वांआधीं बाधतो. तरुण माणसें आपल्या अंगावरून सर्वांची परीक्षा करतात, ती चूक होय.

तेल आधीं कीं मागाहून?

या प्रश्नावरून पुष्कळ घरांत सासू-सुनांचा गोड वाद चालतो. सासूबाई म्हणतात, "अगो सूनबाई, तेल लावायचें तें न्हाण्याच्या आधीं. न्हाऊन झाल्यावर का कोणी तेलकट होऊन बसतें?" सून म्हणते, "पण सासूबाई, डॉक्टर सांगतात, अंग ओलें असतांनाच लावा म्हणून." आमच्या मतें या वादांत दोघीहि जिंकतात.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत दिनचर्या सांगतांना नित्य अभ्यंग करावा, आणि मस्तक, कान व पाय यांना तेल विशेषेंकरून लावावें, असें म्हटलें आहे. हेमंत ऋतूच्या चर्येंतहि अभ्यंगास मानाचें स्थान आहे. स्नानापूर्वीं तेल चोळल्यानें पाणी आणि उटणें यांच्या घांसण्यापासून कातडीचें रक्षण होतें. आपल्या पूर्वजांची योजना साबण नसलेल्या काळाला अगदीं योग्य होती. उटण्यानें वरचें तेल निघे आणि अंगावर एक हलका स्निग्ध लेप शिल्लक राही. आतां मात्र आपण आधीं तेल चोळतों आणि मग साबणाचे दोन हात देऊन तें सर्व मोरींत घालवतों. नरकचतुर्दशीस एक दिवस तेल लावून वर्षाची फेड झाली, असें मानणारेहि पुष्कळ आहेत. पण थंडी खरी पडते ती त्या दिवसानंतर.

स्नानानंतर लावण्याचें कारण निराळें आहे. स्नानांत कातडीनें थोडें पाणी शोषून घेतलेलें असतें. तें उडून जाण्याच्या आंत, म्हणजे दोनतीन मिनिटांतच, वरून स्निग्ध पदार्थ लावला तर तें पाणी आंत कोंडलें जातें. कोरड्याठक्क अंगाला दुपारीं लावलेल्या पळीभर तेलापेक्षां ओलसर अंगाला लावलेले दहाबारा थेंब अधिक काम करतात. म्हणून ज्यांना सवड आहे त्यांनीं सुटीच्या दिवशीं न्हाण्याआधीं सावकाश अभ्यंग करावा, आणि रोजच्या रोज टॉवेलनें अंग टिपून, न घांसतां, लगेच थोडें तेल किंवा मलम लावावें. म्हाताऱ्या माणसांच्या तळपायांस तेल लावल्यावर त्यांनीं लगेच फरशीवर चालूं नये, मोजे घालावेत. पाय घसरून खुबा मोडला, तर कातडीची निगा फार महाग पडते.

स्नानाचे नियम थोडेच आहेत. पाणी कोमट असावें. बंबांतलें किंवा गीझरमधलें कढत पाणी अंगाला सुखावतें खरें, पण तें सुख पांच मिनिटांचें आणि खाज रात्रभराची. स्नान पांचसात मिनिटांत आटोपावें. साबण रोज सर्वांगास लावण्याची गरज नाहीं. काखा, जांघा आणि पाय एवढ्यांना पुरे. दगडानें किंवा घांसणीनें अंग खरडूं नये. डाळीचें पीठ कांहीं जणांच्या कातडीस अधिकच कोरडें करतें. तें वापरावयाचें तर दुधाच्या सायींत कालवून.

कोणतें तेल, कोणतें मलम?

खानदेशांत तीळ पिकतो आणि भुईमूगहि पिकतो. त्यामुळें घरोघर तिळेल असतें, आणि त्यामागें शेंकडों वर्षांचा अनुभव आहे. खोबरेल तेलाविषयीं तर शास्त्रीय परीक्षाहि झालेली आहे. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या फिलिपाइन्समधील एका प्रयोगांत कोरड्या त्वचेच्या ३४ रोग्यांपैकीं कांहींना खोबरेल व कांहींना खनिज तेल लावण्यास दिलें. दोन्ही तेलें सारखींच गुणकारी ठरलीं. मोहरीचें तेल मात्र अंगास, विशेषतः तान्ह्या मुलांस, लावूं नये. प्रयोगशाळेंत त्यानें त्वचेची भिंत भरून येण्यास विलंब होतो असें आढळलें आहे. सुवासिक तेलें दिसावयास सुंदर, पण त्यांतील अत्तरें उललेल्या कातडीस झोंबतात.

ज्यांना तेलकटपणा नको त्यांच्यासाठीं बाजारांत नाना प्रकारचीं क्रीमें आहेत. त्यांची परीक्षा नांवावरून किंवा किंमतीवरून न करतां कामावरून करावी. कांहीं पदार्थ पाणी ओढून धरतात, ग्लिसरीन त्यांपैकीं. कांहीं वरून झांकण घालतात, व्हॅसलीन त्यांपैकीं. अमेरिकेंतील रॉबर्ट चेसब्रो यांनीं १८७२ सालीं त्याचें पेटंट घेतलें, आणि इतक्या वर्षांनंतरहि पाणी कोंडून धरण्याच्या कामीं त्याची बरोबरी करणारे पदार्थ थोडेच आहेत. कांहीं नवीं मलमें भिंतींतल्या चुन्यासारखींच द्रव्यें, ज्यांस सिरॅमाइड म्हणतात, बाहेरून पुरवितात. तींहि चांगलीं, पण स्वस्त व्हॅसलीन नियमानें लावणाऱ्याचें अंग महागडी बाटली कपाटांत ठेवणाऱ्यापेक्षां मऊ राहतें. ‘स्नो’ या जातीचीं क्रीमें निराळीं. ई. एस. पाटणवाला यांनीं १९१९ सालीं मुंबईंत काढलेला ‘अफगाण स्नो’ आमच्या आज्यांच्या आरशापुढें असे. तें क्रीम चेहऱ्यावर जिरून दिसेनासें होतें, यांतच त्याचें कौतुक. पण जें इतक्या लौकर जिरतें, तें कडक थंडींत भिंतीवर फारसें झांकण घालूं शकत नाहीं.

ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबाचा रस हें मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. त्यांतील लिंबू आम्ही वगळूं. तें भेगांना झोंबतें, आणि लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हांत गेली तर काळे डाग पडूं शकतात. ग्लिसरीनहि कधीं निर्भेळ लावूं नये. एक भाग ग्लिसरीनमध्यें दोनतीन भाग गुलाबपाणी घालावें, आणि वरून तेलाचा हात द्यावा.

घरीं करण्याजोगीं दोन मलमें सांगतों. पहिलें मेणाचें. १० ग्रॅम मधाच्या पोळ्याचें शुद्ध मेण आणि ४० ग्रॅम तिळेल एका वाटींत घालून ती वाटी ऊन पाण्याच्या पातेल्यांत ठेवावी. आंचेवर थेट ठेवूं नये. मेण वितळलें, कीं वाटी उतरून निवेपर्यंत ढवळत राहावें आणि मलम कोरड्या डबींत भरावें. टांचांना हें उत्तम. दुसरें शतधौत घृत. तांब्याच्या परातींत साजूक तूप घेऊन त्यांत थंड पाणी घालावें, हातानें फेंसावें, पाणी ओतून द्यावें आणि पुन्हां नवें घालावें. असें शंभर वेळां केलें म्हणजे तूप लोण्यासारखें शुभ्र व हलकें होतें. काम वेळखाऊ आहे खरें, पण चार जावा परातीभोंवतीं बसल्या, तर गप्पांत केव्हां संपतें तें कळत नाहीं. त्यांत पाण्याचा अंश राहतो म्हणून तें थोडेंच करावें व लौकर संपवावें. खवट वास आल्यास टाकून द्यावें. कोंकणांतून येणारें कोकमाचें तेल थंडींत घट्ट गोळा असतें. तें किंचित् कोमट करून भेगांत भरतात, तेंहि चांगलें.

पायांच्या भेगा

टांचांच्या भेगांस आपल्याकडे जळवात म्हणतात. शेतांत कपाशी वेंचणाऱ्या बायांचीं बोटें बोंडांच्या वाळलेल्या टोंकांनीं सोलतात आणि ढेकळांतून चालून टांचा उलतात. घरांत फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या स्त्रियांचीहि थोड्याफार फरकानें तीच गत. आपल्या घरीं भांडींधुणीं करणारी बाई रोज साबणाच्या पाण्यांत हात घालते. तिलाहि मलमाची एक डबी द्यावी, हें आम्ही येथेंच सुचवून ठेवतों.

रात्रीं निजण्यापूर्वीं दहा मिनिटें कोमट पाण्यांत पाय बुडवावेत, टिपावेत, मलम भरावें आणि सुती मोजे घालून निजावें. राठ कातडी फार जाड असली तर युरिया घातलेलें मलम औषधांच्या दुकानांत मिळतें. तें ती मऊ करतें. ब्लेडनें कातडी कापणें आणि भेगेंत मेणबत्तीचें तापलेलें मेण ओतणें हे दोन्ही प्रकार सर्वथा वर्ज्य समजावेत.

मधुमेह असणाऱ्यांसाठीं नियम आणखी कडक आहेत. त्यांनीं पाय ऊन पाण्यांत बुडवून ठेवूं नयेत, कारण पाणी किती तापलें आहे हें त्यांच्या पायांस कळतेंच असें नाहीं. रोज रात्रीं दिव्याखालीं तळपाय पाहावेत; स्वतःस दिसत नसतील तर सुनेनें किंवा नातवानें पाहावेत. मलम टांचेस व तळव्यास लावावें, बोटांच्या बेचक्यांत लावूं नये. तेथें ओल राहून बुरशी धरते. अनवाणी चालूं नये. सोंवळ्याची अडचण असेल, तर पूजेपुरती धुतलेली सुती पायमोज्यांची जोडी निराळी ठेवावी. ज्यानें पाय दिले, त्याला ते जपण्याचा राग येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

तान्हीं मुलें

बाळाला तेल लावण्याची आपली चाल चांगली आहे. ढाक्याच्या एका बालरुग्णालयांत दिवस भरण्याआधीं जन्मलेल्या अर्भकांस सूर्यफुलाचें तेल हलक्या हातानें लावून पाहिलें. तेव्हां तेल लावलेल्या मुलांत रुग्णालयांतील जंतुसंसर्गाचें प्रमाण ४१ टक्क्यांनीं कमी आढळलें, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. भिंत शाबूत राहिली, कीं शत्रु आंत येत नाहीं, याचा याहून चांगला दाखला कोणता? परंतु हात हलका असावा, खोली ऊबदार असावी. डाळीच्या पिठाच्या गोळीनें अंगावरची लव काढण्याचा अट्टाहास सोडावा; नाकांत व कानांत तेल घालूं नये. नवजात बालकाचें पहिलें स्नान निदान २४ तास पुढें ढकलावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हां आजीबाईंनीं त्याबद्दल डॉक्टरांवर रागावूं नये.

शेकोटी, आहार व कपडे

शेगडी जवळ घेऊन तासन्‌तास पाय शेकल्यानें नळ्यांवर जाळीदार तपकिरी चट्टे पडतात आणि कातडी अधिकच वाळते. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें तर जिवावरचें काम. त्या विषारी वायूला वास नसतो. अंगाशीं सुती कपडा असावा आणि लोंकर त्यावर. लोंकर थेट अंगास लागली म्हणजे खाज वाढते.

पुष्कळ पाणी पिण्यानें कातडी मऊ होते असा समज आहे. तहान भागेल इतकें पाणी अवश्य प्यावें, परंतु उडून जाणारें पाणी अडविल्यावांचून नुसतें आंत ओतून उपयोग नाहीं. भोंक पडलेली घागर भरण्यासारखें तें होतें. आहार मात्र आपल्या पूर्वजांनीं ऋतु पाहून ठरविला आहे. संक्रांतीचा तीळ, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावरचा लोण्याचा गोळा, हिरव्या भाज्या, शेंगदाणे. यांत कातडीस लागणारे स्नेह व जीवनसत्त्वें येतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचें जळगांवी भरीत घरांत होत असतां आजींना पथ्याच्या नांवाखालीं उपाशी ठेवूं नये. ज्या वांग्यानें कधीं बाधा केली नाहीं, त्यास खाजेचा दोष देणें अन्याय होय.

केव्हां डॉक्टरांकडे जावें?

प्रत्येक खाज थंडीची नसते, हें ध्यानांत ठेवावें. रात्रीं खाज सुटते आणि घरांतल्या अनेकांस एकदम सुटते, तर ती बहुधा खरूज. तिला तेलानें गुण येत नाहीं, सर्वांनीं एकाच वेळीं औषध घ्यावें लागतें. कडेनें वाढत जाणारा गोल चट्टा गजकर्णाचा असतो. अंगभर कोरडेपणा, सुस्ती आणि थंडी सोसवेनाशी होणें हीं कंठग्रंथीच्या मंदपणाचीं लक्षणें असूं शकतात. लहानपणापासून दर हिंवाळ्यांत नळ्यांवर माशासारखे खवले येणें ही कांहीं घराण्यांतली आनुवंशिक प्रकृति आहे. तिला बारमाही मलम लागतें. आणि एखाद्या फिकट, कोरड्या चट्ट्यावर घाम येत नसेल, स्पर्श कळत नसेल, तर तो चट्टा तेल लावून झांकूं नये. तो कुष्ठरोगाचा आरंभ असूं शकतो. सरकारी दवाखान्यांत त्यावरील औषधें मोफत मिळतात, वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर त्याचा संसर्गहि लौकरच थांबतो. यांत लाज कसली? लाज आहे ती लपविण्यांत.

शेवटीं त्या मलमाच्या नळीविषयीं. खाजेवर चार दिवसांत जादू करणाऱ्या पुष्कळ नळ्यांत स्टिरॉइड असतें. डॉक्टरांनीं सांगितलेल्या जागीं व सांगितलेले दिवस तें लावणें योग्य. पण आपल्या मनानें महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते, आणि गजकर्णावर लावल्यास तें रूप बदलून पसरतें. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा कित्येक मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचें बंधन घातलें. तरी शेजारणीची चिठ्ठी हीच आपली चिठ्ठी मानण्याची संवय अजून गेलेली नाहीं. नळी उघडण्यापूर्वीं तिच्यावर काय लिहिलें आहे तें घरांतल्या शिकलेल्या माणसानें वाचावें, एवढी विनंति आहे.

धुळ्याच्या त्या आजीबाई आतां कोमट पाण्यानें न्हातात. आरंभीं त्यांना तें पाणी अपुरें वाटे. "असल्या पाण्यानें का कुठें अंघोळ होते!" असें त्या रोज म्हणत, आणि रोज करीतहि. स्नान होतांच थोरली नातसून वाटींतून खोबरेल घेऊन त्यांच्या पाठीला व नळ्यांना लावते. तीन आठवड्यांत त्यांची झोंप परत आली. जळगांवच्या काकांचा अंगठा परत येण्याचा नाहीं, परंतु त्यांच्या घरीं आतां रात्रीं जेवणें झाल्यावर धाकटा नातू कंदिलाऐवजीं मोबाइलचा दिवा घेऊन आजोबांचे तळपाय तपासतो आणि "आज कांहीं नाहीं, आजोबा!" असें मोठ्यानें सांगतो.

आमच्या वाचकांच्या घरीं यंदाच्या हिंवाळ्यांत रोज रात्रीं असाच निरोप ऐकूं यावा, एवढीच आमची इच्छा आहे.